मीठ मोजणाऱ्या पेशी

शरीरात मीठ किती ठेवायचे आणि किती बाहेर टाकायचे, हा हिशेब मूत्रपिंडात अखंड चालतो. त्यात मोठी भूमिका आहे एका वायूची, आणि तो वायू बनवणाऱ्या विकरांवर पेशी ठेवत असलेल्या लगामाची.

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारच्या नावातच बाजार आहे. औंढा नागनाथ तालुक्यातील या गावाच्या आसपासच्या शिवारात सोयाबीन, तूर, हरभरा, हळद पिकते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला तरी पोती उतरवायची, काट्यावर ठेवायची आणि थप्पी लावायची हे काम थांबत नाही. अशा दिवशी हमालाच्या अंगातून काही लिटर घाम जातो आणि घामाबरोबर मीठही जाते. दुपारी डब्यातील भाकरी, ठेचा आणि लोणचे खाल्ले की त्यातील बरेचसे परत येते; कधी गेले त्याहून जास्तच येते. पाणी मात्र सवड मिळेल तेव्हाच पोटात जाते. संध्याकाळी पाठ धरली की मेडिकलमधून दुखण्याची एक गोळी घेतली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सुरू होते.

एवढी ओढाताण होऊनही रक्तातील मिठाचे प्रमाण सहसा फारसे हलत नाही. ते जागेवर राहते, कारण कमरेच्या वर, पाठीच्या दोन्ही बाजूंना असलेली मुठीएवढी दोन मूत्रपिंडे दिवसरात्र हिशेब करत असतात. या हिशेबात नायट्रिक ऑक्साइड नावाच्या वायूचा मोठा वाटा आहे. तो बनवणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइमना, मूत्रपिंडातील पेशी कसे चालवतात, हा गेल्या तीन-साडेतीन दशकांतील संशोधनाचा विषय आहे. रक्तदाब, मधुमेह आणि किडनीचा आजार असलेल्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे.

दीड किलोतून दीड चमचा

हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असतात आणि त्यांना जोडलेल्या तेवढ्याच बारीक नळ्या. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव या गाळण्यांतून गाळला जातो. त्यात विरघळलेल्या मिठाचे वजन केले तर ते जवळजवळ दीड किलो भरेल. यातील ९९ टक्क्यांहून अधिक मीठ नळ्यांमधून परत रक्तात घेतले जाते आणि लघवीतून जाते फक्त काही ग्रॅम. साधारण जेवढे खाल्ले तेवढे, घामातून गेलेले वजा करून.

दीड किलोच्या व्यवहारात दोन-चार ग्रॅमची चूक रोज राहिली, तर थोड्याच दिवसांत अंगावर सूज येईल किंवा रक्तदाब बिघडेल. म्हणून इथे मापाडी लागतो, आणि निसर्गाने तो जवळपास प्रत्येक गाळणीला स्वतंत्र दिला आहे.

गाळणीतून निघालेली नळी मूत्रपिंडाच्या आत खोलवर उतरते, वळसा घेते आणि परत वर येऊन आपल्याच गाळणीला टेकते. टेकण्याच्या जागी नळीच्या भिंतीत पंधरा-वीस पेशींचा एक दाट ठिपका असतो. त्याला ‘मॅक्युला डेन्सा’ म्हणतात. लॅटिनमधील या नावाचा अर्थही दाट ठिपका असाच आहे. समोरून वाहणाऱ्या द्रवात मीठ किती आहे, हे या पेशी सतत तोलत असतात. मीठ जास्त आले, तर गाळणी फार वेगाने चालली आहे असा त्याचा अर्थ. मग या पेशी निरोप धाडतात. गाळणीत रक्त आणणारी बारीक धमनी आकसते आणि गाळण्याचा वेग उतरतो. मीठ कमी आले तर उलटे घडते.

आता एक अडचण. जेवणात खरोखरच मीठ जास्त गेले असेल, तर ते बाहेर टाकायला हवे. अशा वेळी मापाड्याने नुसती धमनी आकसत नेली, तर मीठ आतच अडकेल आणि रक्तदाब चढेल. यावरचा उपाय त्याच पेशींमध्ये आहे. धमनी आकसण्याचा निरोप पाठवणारी पेशी त्याच वेळी नायट्रिक ऑक्साइडही सोडते. हा वायू शेजारच्या धमनीला सैल करतो. आवळणे आणि सैल सोडणे यांचा मेळ एकाच जागी बसवला जातो, आणि तो बसतो नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर किती जोरात चालते यावर.

हे नुसते अनुमान नाही. अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांच्या मॅक्युला डेन्सामधील हे विकर जनुकीय तंत्राने काढून टाकले आणि त्यांना भरपूर मिठाचा आहार दिला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अशा उंदरांचा रक्तदाब इतरांपेक्षा जास्त चढला. त्याआधी, २०१३ मध्ये, दुसऱ्या एका गटाने नळीच्या शेवटच्या भागातील, म्हणजे लघवी गोळा होते त्या भागातील पेशींमधून तेच विकर काढले होते. तिथेही जास्त मिठाने रक्तदाब वाढला. अख्ख्या शरीरातील एका अवयवाच्या मूठभर पेशींत एक विकर नसले, तर तेच मीठ पचेनासे होते.

धुरातील वायू, शरीरातील निरोप्या

गाड्यांच्या धुरात असणारा नायट्रिक ऑक्साइड शरीरात काही उपयोगाचा असेल, असे १९८०पर्यंत कोणी फारसे मानत नव्हते. त्या वर्षी रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवले की रक्तवाहिनीच्या आतील अस्तर शाबूत असेल, तरच ठरावीक रसायनाने ती सैल होते. अस्तर खरवडले गेले, तर होत नाही. अस्तरातून काहीतरी पाझरते, हे कळले. ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे १९८७ मध्ये स्पष्ट झाले. फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळीही शरीरात हाच वायू निर्माण करून काम करते.

हा निरोप्या काही सेकंदच टिकतो. तो साठवता येत नाही. लागेल तिथे, लागेल तेव्हा आणि लागेल तेवढाच बनवावा लागतो. त्यामुळे सगळे नियंत्रण येते ते बनवणाऱ्या विकरांवर. अशी तीन विकरे आहेत. एक प्रथम चेतापेशींत सापडले, दुसरे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आणि तिसरे संसर्गाशी लढणाऱ्या पेशींत. मूत्रपिंडात तिन्ही आढळतात. मॅक्युला डेन्सामध्ये असते ते पहिल्या प्रकारचे.

विकराला लगाम किती?

पहिला लगाम कॅल्शियमचा. पहिली दोन विकरे एरवी शांत असतात. पेशीत कॅल्शियम वाढले की कॅल्मोड्युलिन नावाचे प्रथिन त्यांना चिकटते आणि काम सुरू होते. कॅल्शियम उतरले की काम थांबते. अस्तरातील विकराला याशिवाय आणखी एक इशारा कळतो: वाहणाऱ्या रक्ताचे घर्षण. रक्ताचा वेग वाढला की पेशी त्या विकरावर फॉस्फेटचा एक गट बसवते आणि त्याचा जोर वाढतो. इन्सुलिनही हेच करते. तिसरे विकर मात्र कॅल्शियमला जुमानत नाही. त्याचा लगाम जनुकापाशी असतो. संसर्ग झाला की काही तासांत ते बनते आणि एकदा बनले की मोठ्या प्रमाणात वायू सोडत राहते.

दुसरा लगाम कच्च्या मालाचा. तिन्ही विकरे आर्जिनिन या अमिनो आम्लापासून वायू बनवतात, आणि प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तासाठी आर्जिनिन तयार करणारा मुख्य अवयव मूत्रपिंडच आहे. लहान आतड्यातून आलेल्या सिट्रुलिनपासून ते बनते. सिट्रुलिन हे नाव टरबुजाच्या लॅटिन नावावरून पडले, कारण ते प्रथम टरबुजाच्या रसातून वेगळे केले गेले. मूत्रपिंड खराब झाले की कारखान्याबरोबर कच्च्या मालाचे कोठारही धोक्यात येते.

तिसरा लगाम मदतनिसाचा. विकराला बीएच-४ नावाचा एक लहानसा रेणू सोबत लागतो. तो कमी पडला, तर विकर चालू राहते, पण नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड हा उपद्रवी रेणू बनवू लागते. हा रेणू उरलासुरला नायट्रिक ऑक्साइडही संपवतो. रक्षण करणारे यंत्र तेच, पण त्यातून निघणारा माल घातक.

चौथा लगाम ब्रेकचा. शरीरातील प्रथिने मोडताना एडीएमए नावाचा पदार्थ तयार होतो. तो आर्जिनिनसारखाच दिसतो आणि विकराची जागा अडवून बसतो. त्याला हटवण्यासाठी वेगळे विकर आहे, आणि ते मूत्रपिंडात मुबलक असते. १९९२ मध्ये पॅट्रिक व्हॅलन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तात हा एडीएमए साचतो. मूत्रपिंड आजारी पडले की ब्रेक दाबला जातो. ब्रेक दाबला की रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, आणि चढलेला रक्तदाब मूत्रपिंड आणखी खराब करतो.

त्याच वर्षी ख्रिस बेलिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांना या विकरांना अडवणारे औषध दीर्घकाळ दिले. उंदरांचा रक्तदाब वाढला आणि मूत्रपिंडातील गाळण्यांना इजा झाली. नायट्रिक ऑक्साइड नसले तर काय होते, हे त्यातून दिसले.

बाहेरून नळ सोडला तर?

एवढे कळल्यावर उपाय सोपा वाटतो. वायू कमी पडतो ना, मग कच्चा माल द्या. १९९१ मध्ये मिठाने रक्तदाब चढणाऱ्या खास जातीच्या उंदरांना आर्जिनिन दिले, तेव्हा त्यांचा रक्तदाब चढला नाही. आर्जिनिनची पुडी आणि गोळी आज व्यायामशाळांपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत मिळते. मग अडले कुठे?

माणसावर काय झाले ते पाहायला हवे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली. काहींना सहा महिने आर्जिनिन, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. आर्जिनिन घेणाऱ्यांच्या हृदयात सुधारणा दिसली नाही. उलट त्या गटातील सहा जण दगावले, दुसऱ्या गटातील एकही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. बिघडलेल्या विकराला जास्त कच्चा माल दिला की ते जास्त घातक माल बनवत असावे, ही त्यामागची एक शक्यता मानली जाते.

उलट दिशेनेही प्रयत्न झाला. रक्तात संसर्ग पसरून रुग्ण अत्यवस्थ होतो, तेव्हा तिसरे विकर बेफाम वायू सोडते, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब कोसळतो. मग विकर अडवले तर? अशा ७९७ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. विकर अडवणाऱ्या औषधाने रक्तदाब सुधारला, पण २८ दिवसांत त्या गटातील ५९ टक्के रुग्ण दगावले. औषध न दिलेल्या गटात हे प्रमाण ४९ टक्के होते. ही चाचणीही लवकर थांबवली गेली. औषध तिन्ही विकरांना सरसकट अडवत होते. उच्छाद मांडणाऱ्याबरोबर अवयवांना रक्त पोहोचवणारेही बंद पडले.

दोन्ही चाचण्यांचा धडा एकच. नायट्रिक ऑक्साइड ‘चांगले’ की ‘वाईट’, हा प्रश्नच चुकीचा आहे. ते कोणत्या पेशीत, किती आणि कधी बनते, यावर सगळे ठरते. हे पेशी ठरवतात. पुडीला ते कळत नाही.

मापाड्याला खरे वजन कळले तर

मग विज्ञानाचा उपयोग काय झाला? तो झाला, पण वेगळ्या वाटेने. मधुमेहात रक्तातील साखर वाढते, तशी ती गाळून नळीतही येते. नळीचा सुरुवातीचा भाग ती साखर परत खेचतो आणि साखरेच्या जोडीने मीठही खेचतो. परिणामी मॅक्युला डेन्सापर्यंत मीठ कमी पोहोचते. मापाड्याला वाटते, गाळणी मंद चालली आहे. तो धमनी सैल सोडतो. गाळणीवर दाब वाढतो आणि वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबाने ती झिजते. शिवाय २०१९ मधील उंदरांवरील प्रयोगांत दिसले की साखर मॅक्युला डेन्सातील विकरालाही चेतवते. म्हणजे इथे वायू कमी पडून नव्हे, तर चुकीच्या वेळी जास्त बनून नुकसान होते.

ग्लिफ्लोझिन गटातील औषधे नळीतील साखर परत खेचणारी वाहतूक रोखतात. साखर लघवीतून जाते आणि मीठ मॅक्युला डेन्सापर्यंत पोहोचते. मापाड्याला पुन्हा खरे वजन दिसते. तो धमनी योग्य तेवढी आवळतो आणि गाळणीवरचा दाब उतरतो. कॅनाग्लिफ्लोझिनची ४,४०१ रुग्णांवरील चाचणी २०१९ मध्ये आली, डापाग्लिफ्लोझिनची ४,३०४ रुग्णांवरील २०२० मध्ये. मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या गंभीर घटनांचा एकत्रित धोका पहिल्या चाचणीत ३० टक्क्यांनी, तर दुसरीत ३९ टक्क्यांनी घटला. डापाग्लिफ्लोझिनचे भारतातील पेटंट २०२० मध्ये संपले आणि अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. या औषधांचे इतरही परिणाम आहेत आणि ती प्रत्येकाला चालत नाहीत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची असतात. उलट्या-जुलाब झाले किंवा खाणेपिणे बंद पडले, तर ती काही दिवस थांबवावी लागतात; हेही डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

दोन पूर्णा

महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या दोन मोठ्या नद्या आहेत. एक अजिंठ्याच्या डोंगरातून निघून येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांतून हिंगोली, परभणीकडे येते आणि गोदावरीला मिळते. दुसरी सातपुड्यातून निघून अमरावती, अकोला, बुलढाण्यातून वाहत तापीला मिळते. या दुसऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरी आणि बोअरचे पाणी खारट लागते. या पट्ट्यातील गावांमध्ये किडनीच्या आजाराची तक्रार अनेक वर्षे होत आली आहे. दोष एकट्या खाऱ्या पाण्याचा म्हणता येत नाही. मधुमेह, रक्तदाब, मूतखडे, दुखण्याच्या गोळ्या अशी बरीच कारणे एकत्र येतात. पण पाण्यातून येणारे मीठ ताटातील मिठाच्या हिशेबात कोणी धरत नाही. मूत्रपिंडाला मात्र ते धरावेच लागते.

ताटातील मीठही कमी नाही. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेने देशभरात केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांच्या आहारातील सरासरी मीठ ८ ग्रॅम निघाले. पुरुषांमध्ये ते ८.९ ग्रॅम होते, स्त्रियांमध्ये ७.१ ग्रॅम. तरुण, निरोगी मूत्रपिंड विकरांचा जोर वाढवून जादा मीठ बाहेर टाकते. वय, मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब यांनी ती क्षमता घटत जाते. म्हणून तेच लोणचे, तोच पापड तिशीत चालतो आणि पन्नाशीत रक्तदाब चढवतो.

घरी काय करायचे?

मूत्रपिंड दुखून सांगत नाही. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते, तोवर अनेकदा निम्मी क्षमता गेलेली असते. त्याआधी खूण सापडू शकते ती लघवीत. गाळणी झिजू लागली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरते. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. रक्तदाब तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही मोजून मिळतो. तिशीनंतर प्रत्येकाने तो मोजत राहावा.

दुखण्याच्या गोळ्यांबाबत विशेष सांभाळावे. गाळणीकडे जाणारी धमनी सैल ठेवण्यात नायट्रिक ऑक्साइडचा एक जोडीदार असतो: प्रोस्टाग्लँडिन. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या त्यालाच बंद पाडतात. एरवी निरोगी माणसाचे एखाद्या गोळीने सहसा बिघडत नाही. पण घामाने शरीर कोरडे पडलेले असताना मूत्रपिंड याच आधारावर तग धरून असते. अशा वेळी तो आधार काढून घेणे धोक्याचे. रोज पाठ दुखते म्हणून रोज गोळी, हा उपचार नाही.

उन्हात राबणाऱ्याने मीठ पूर्ण तोडू नये. घामातून गेलेले भरून यायलाच हवे. पण त्यासाठी रोजचे जेवण सहसा पुरेसे असते. कमी पडते ते पाणी. तहान लागण्याची वाट न पाहता ते पीत राहावे. बाजारात मिळणारे ‘कमी सोडियम’चे मीठ, तसेच बीट, पालक यांचे रस रक्तदाबासाठी चांगले म्हणून सांगितले जातात. निरोगी माणसाला त्यांची अडचण नाही. पण त्यांत पोटॅशियम जास्त असते आणि किडनीचा आजार असलेल्याला ते घातक ठरू शकते. आर्जिनिनच्या पुड्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

बाजारात वजनात गडबड झाली, तर ती त्याच दिवशी लक्षात येते आणि तिथल्या तिथे भांडता येते. शरीरातील मापाडी मात्र तक्रार करत नाही. मीठ जास्त असो, पाणी कमी असो, गोळ्या रोज पडत असोत. तो होईल तितका काळ हिशेब जुळवत राहतो. तो जुळेनासा झाला आहे का, हे पाहायला एक लघवीची तपासणी आणि दंडाला बांधायचा रक्तदाबाचा पट्टा पुरतो. डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत पोहोचलेल्या अनेकांच्या बाबतीत ही तपासणी वेळेवर झालेली नसते.